दही लागेल अशी गाडी

शाळूची काढणी सुरू झाली की माझी पाठ सगळ्यात आधी जागी होते. पंचांग बघावं लागत नाही. सकाळी दार उघडलं की कडब्याच्या पेंढ्यांनी भरलेली वाहनं डुलत जाताना दिसतात, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या बाजूनं नव्या जवारीचा कोरडा, गोडसर वास येतो, आणि कमरेच्या जरा वर, जिथं बोट फिरवलं तर एक हाड अजून उंच लागतं, तिथं काहीतरी हलतं. दुखत नाही. नुसतं आठवतं. सून म्हणते, वात आहे, तेल लावा. लावते मी तेल. तिच्या समाधानासाठी लावते.

यंदा तर भावाचा नातू दारात पिकअप उभी करून बसलाय. मागच्या हौद्यात त्यानं फळ्या ठोकल्यात, गादी टाकलीय, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, वर ताडपत्रीचं छत. महिनाभर काश्मीरकडं फिरायला जायचं म्हणे. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं. "आजी, अशी गाडी अख्ख्या जालन्यात आजवर कुणी केली नसंल," छाती फुगवून म्हणाला. मी गाडीभोवती एक फेरी मारली, गादी दाबून पाहिली आणि म्हटलं, "केलती रे बाबा. तुझ्या पणजोबानं केलती. आन् ह्याच्यापेक्षा लई चांगली केलती." पोरगं हसलं. हसू दे. त्या गाडीत कोण झोपलं होतं, हे त्याला कुठं ठाऊक आहे! मी झोपले होते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. राज्य निजामाचं. आम्ही मूळचे अंबडकडचे शेतकरी, पण माझे वडील, आप्पा, जुन्या जालन्यात घर करून राहिलेले. मी चौदा वर्षांची होते. त्या दसऱ्यापासून माझी पाठ धरली. आधी सगळ्यांना वाटलं, कापूस वेचायला वाकून वाकून झालं असेल. मग वैद्य झाले, हकीम झाले, पाठीवर बिब्ब्याच्या फुल्या झाल्या, कुणी सांगितलं म्हणून तिवाट्यावर उतारा ठेवून झाला. दिवाळीनंतर पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा आप्पा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी घेऊन आले. भला माणूस. त्यांनी पाठ ठोकून पाहिली, तळपायावर किल्लीचं टोक ओढून पाहिलं, आणि ओसरीवर जाऊन हळू आवाजात बोलले. आजारी माणसाचे कान फार तिखट असतात. मी सगळं ऐकलं.

"मणक्यात क्षय आहे. मिरजेला न्या, तिथं अशा पाठी बऱ्या करतात. पण पोरीला उताणं, सपाट न्या. धक्का बसता कामा नये. मणका सरकला तर पाय गेले समजा."

"मंग न्यायचं कसं?" माझ्या मायनं विचारलं.

"तेवढं मात्र मला ठाऊक नाही," डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

आगगाडी होती की जालन्याला. पण स्टेशनापर्यंत बैलगाडी, मनमाडला गाडी बदलायची, पुढं पुन्हा बदलायची, पूल चढायचे, पूल उतरायचे, दर ठिकाणी नवे हमाल. आम्ही एकदा निघून पाहिलं. बैलगाडीत हातभर गवत घातलं होतं. वेशीपाशीच चाक खड्ड्यात गेलं, आणि माझा डावा पाय गुडघ्यापासून खाली गार पडला. मी किंचाळले नाही. मला नुसतं सांगताच येईना की काय झालं. आप्पांनी तिथूनच बैल माघारी वळवले. तो पाय पुन्हा उबेला आला, पण घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

आप्पांची एक मालमोटार होती. पुढं दोन माणसांची जागा, मागं फळ्यांचा उघडा हौदा. खेड्यापाड्यांतला कापूस भरायचा आणि जालन्याच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, आणून टाकायचा, हा धंदा. "दारातून उचलायचं आन् दवाखान्याच्या दारात ठिवायचं," आप्पा म्हणाले. "मधी हात बदलायचा न्हाई."

"त्या खटाऱ्यात?" माय कडाडली. "कापसाची गाठोडी उडून पडतेत तिच्यातून! माझी पोर घालता त्याच्यात?"

"मंग उडणार न्हाई अशी करू."

करू, म्हणाले. कापसाचा ऐन हंगाम चालू होता, आणि त्या माणसानं दुसऱ्या दिवशी कापूस आणणं बंद करून मोटार अंगणात उभी केली. आज आठवलं तरी मला नवल वाटतं. ज्याला सपाट रस्ता ठाऊक नाही, त्यानं सपाट प्रवास घडवायला निघावं!

त्या हंगामातलं मला जे दिसलं, ते सगळं खालून दिसलं. ओसरीवर फळीवर मी उताणी. उजवीकडं मान वळवली की अंगण, आणि अंगणात मोटारीचा मागचा भाग. आढ्याच्या लाकडावर मुंग्यांची रांग कुठून कुठं जाते, हे मी अजून सांगू शकेन. हुरड्याचे दिवस होते. शेतावरून आलेल्या माणसाच्या कपड्यांना भाजक्या कणसांचा धूर चिकटलेला असायचा. माय चार दाणे तळहातावर चोळून, फुंकून माझ्या तोंडात घालायची. उताण्या माणसाला खाताना ठसका लागतो, म्हणून चारच. त्या चार दाण्यांची चव पुढं आयुष्यात पोटभर हुरडा खाऊनही परत लागली नाही.

संध्याकाळी हैदरचाचा यायचे. ते जिनात फिटर होते, आप्पांचे दोस्त. उंच, हाडकुळे, दाढीला कायम वंगणाचा वास. आल्याबरोबर ओसरीवर येऊन माझ्याकडं वाकून बघायचे. "क्या बोलती हमारी मेमसाब? मोटार कब तक होना?" मी म्हणायची, "जल्दी." मग ते पान थुंकायला अंगणाच्या कोपऱ्यात जायचे आणि माय त्यांच्यावर ओरडायची. हा रोजचा नेम होता.

पहिली युक्ती दोघांनी मिळून काढली ती बंगईची. आमच्याकडं घरोघर झोपाळा असतोच. त्यांचा हिशेब असा की, टांगलेल्या वस्तूला खालचा धक्का लागत नाही. हौद्यावर लोखंडी कमानी बसवल्या, त्यांना चार साखळ्या, साखळ्यांना बंगई. आप्पा स्वतः तिच्यावर झोपले, हैदरचाचांनी गल्लीला एक फेरा मारला, आणि आप्पा उतरून म्हणाले, "बिलकुल हलत न्हाई!"

"तुमचं काय खरं," माय म्हणाली. "तुम्ही बैलाच्या पाठीवर बी घोरता." आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मातीचं मडकं होतं. कोमट दूध, त्यात विरजण, तोंडाला फडकं बांधलेलं. "हे ठिवा तिच्या जागी. अंबडला जा आन् माघारी या. दही लागलं तर खरं."

विरजण लावलं की त्या कोपऱ्याला आमच्याकडं पोरांना फिरकू देत नाहीत. लागताना हललं की दही मोडतं, पाणी सुटतं. हे कुठल्याही बाईला ठाऊक. पण ते मोटारीत ठेवायचं सुचलं मायलाच. "ज्या गाडीत दही लागंल त्या गाडीत माझी पोर जाईल," ती म्हणाली. "दुसऱ्या गाडीत न्हाई. मंग डॉक्टर येवो का देव येवो."

मोटार परतली तेव्हा दही सगळीकडं होतं, एक मडकं सोडून. बंगई वळणावर अशी भिरभिरली होती की दूध कमानींना, आप्पांच्या पटक्याला, हैदरचाचांच्या दाढीला. माय पदर तोंडात कोंबून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसताच ती खाली बसली आणि रडायला लागली, आणि मग मात्र हसायला कुणी उरलं नाही. मडक्याच्या जागी मी असते, हे सगळ्यांना एकदमच दिसलं.

दुसरी युक्ती मऊपणाची. हैदरचाचांनी मोटारीखालच्या स्प्रिंगांचे काही पोलादी पाटे काढून टाकले, म्हणजे ती लवचिक होईल. समोरच्या घरातल्या जैनबबी आल्या. पिंजाऱ्याचं घर त्यांचं. नवरा-बायको दोघंही कापूस पिंजायचे. धनुष्याची ती तुणतुण चार दिवस आमच्या अंगणात चालली. असा कापूस पिंजला त्यांनी की हौद्यात ढग उतरल्यासारखा दिसत होता. "अब इसमें अंडा भी रक्खो तो टूटता नइ," जैनबबी म्हणाल्या. वर सैल विणलेली बाज, बाजेवर मडकं. अंबडला जाऊन आले. मायनं फडकं सोडलं, आत डोकावली आणि मडकं जैनबबींच्या पुढं धरलं. वर लोण्याचा गोळा तरंगत होता.

"ताक झालं," माय म्हणाली.

"अच्छा हुआ," जैनबबी म्हणाल्या, "नमक डालके पी लेते." हैदरचाचा मोटारीच्या पायरीवर डोकं धरून बसले. मी ओसरीवरून म्हटलं, "चाचा, मला थोडं ताक द्या की." त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही.

पौष सरला. माझ्या दोन्ही पायांना आता सारख्या मुंग्या यायच्या. माय रोज सकाळी तळव्यावर बोट ओढायची आणि विचारायची, "कळतंय?" मी म्हणायची, "कळतंय." एका सकाळी मी जरा वेळानं म्हणाले. तो जरासा वेळ तिच्या तोंडावर दिसला, आणि त्या दिवसापासून घरातला धीर संपत चालला.

तिसऱ्या खेपेला पाटे पुन्हा बसवले, चाकांतली हवा कमी केली, बाज अजून सैल केली आणि आप्पा वडीगोद्रीपर्यंत गेले, कारण मिरजेचा रस्ता तोच. तिथं माझी मावशी राहायची. जाताना दही मोडलंच. आप्पा मावशीच्या ओट्यावर बसले ते उठेचनात. मावशीनं मोडलेलं दही ओतून दिलं, मडकं घासलं, आणि भरल्या घरून रिकामं भांडं माघारी पाठवायचं नाही, म्हणून त्यात आपल्या म्हशीचं ऊन दूध घालून विरजण लावून दिलं. आप्पा म्हणाले, "कशाला? मोडायलाच?" ती म्हणाली, "मोडू द्या. भांडं रिकामं जायचं न्हाई." बाहेर जालन्याला मोंढ्यावर निघालेली माणसं पोती घेऊन मोटारीभोवती जमली होती. एरवी आप्पांनी त्यांना हाकललं असतं. त्या दिवशी जीवच उतरला होता त्यांचा. "बसा, बाबांनो, बसा," म्हणाले. "आता काय ऱ्हायलं!"

दिवेलागणीला मोटार आली. मायनं मडकं घेतलं, फडकं सोडलं, आणि तशीच उभी राहिली. मग तिनं मडकं तिरपं केलं. अजून तिरपं केलं. मग पार उलटं. काही पडलं नाही. दही घट्ट, वर साईची चादर जशीच्या तशी.

"या अल्ला," जैनबबी दारातून म्हणाल्या.

मग जो कल्ला झाला! चाचा म्हणाले, हवा कमी केली त्याची करामत. जैनबबी म्हणाल्या, कापसाची. आप्पा म्हणाले, मावशीच्या म्हशीची. मायनं मडकं छातीशी धरलं होतं; ती म्हणाली, "जाताना मोडलं, येताना लागलं. मंग येताना निराळं काय होतं?"

"काय न्हाई. तीच मोटार, तोच रस्ता."

"गाडीत कोण होतं?"

"कोण नव्हतं ते इचार! अर्धी वडीगोद्री होती, पोत्यांसगट."

हैदरचाचांनी कपाळावर हात मारला. "वजन! भाभी, वजन!"

रिकाम्या मोटारीचे पाटे ताठ राहतात, ती उडते. भरली की पाटे वाकतात आणि धक्का पिऊन टाकतात. इतकी साधी गोष्ट. पण आमची मोटार जन्मभर कापूस वाहत आलेली. कापूस डोंगराएवढा दिसतो, त्याला भार कुठं असतो? कापूसवाल्यांनीच करावी अशी ही चूक, आणि सबंध हिवाळा आम्ही ती मन लावून केली होती.

आता प्रश्न, भार कशाचा घालायचा? चाचा म्हणाले, जिनातलं भंगार लोखंड. आप्पा म्हणाले, कुंडलिका नदीची वाळू. माय उसळली, "पोरीच्या खाली धोंडे-माती घालता? जिती हाय ती!" मग तीच म्हणाली, जवारी घाला. दाणा पोत्यात बसतो, अंगाला जागा करून देतो. खरं होतं. पण आमच्या घरात जवारी होती किती? धान्य साठवायच्या बळदाच्या तळाशी हात लागत होता. आमचं खळं अजून व्हायचं होतं.

गल्लीत ही बातमी कुणी सांगितली, मला माहीत नाही. सकाळी मी डोळे उघडले ते एका आवाजानं. धप्प. अंगणात काहीतरी जड पडलं. मान वळवेपर्यंत माणूस निघून गेला होता. थोड्या वेळानं पुन्हा, धप्प. फाल्गुन लागला होता, ज्यांची खळी आधी झाली त्यांची नवी जवारी घरात येत होती. अजून देवापुढं ठेवायची होती, पाहुण्यांना द्यायची होती. ती पोती पाठीवरून येत होती आणि आमच्या अंगणात पडत होती. मला माणसं दिसत नव्हती. ती माझ्या डोक्यामागच्या बाजूनं यायची आणि जायची. मी नुसती आवाजावरून ओळखायची. हा खोकला तेल्याच्या म्हाताऱ्याचा. ही वहाण कासाराची. जैनबबींचा नवरा पोतं टाकून म्हणाला, "कापूस तो फुसका निकला, ये लो." बांधाच्या भांडणावरून आमच्याशी बोलणं नसलेल्या घरातून एक पोतं आलं; टाकलं, आणि न बोलताच गेले. कोपऱ्यावरची एकटी राहणारी म्हातारी सूपभर घेऊन आली आणि मायला म्हणाली, "दोन पोत्यांच्या मधी फट ऱ्हातीच की. तिथं ओत."

माय दाराला टेकून उभी. "हे सगळं फेडावं कसं, जैनबबी?"

"फेडना क्या? उधर जाके खाना. बेटी के नीचे से निकालना, रोटी थापना, खाना. सालभर पुरता."

मी छताकडं बघत पडून होते आणि माझ्या कानांत पाणी जात होतं. उताणं रडलं की पाणी कानात जातं. मला त्या वयात कळत नव्हतं की हे काय आहे. फक्त इतकं वाटत होतं की मी कुणीतरी फार मोठी आहे, राजाची मुलगी वगैरे, आणि हे आजवर कुणी मला सांगितलं नव्हतं.

शेवटचे काही दिवस मोटारीच्या शृंगाराचे. कमानींवर दुहेरी ताडपत्री, मधे सरकांड्याच्या वाळक्या गवताचा थर, ऊन लागू नये म्हणून. वाळूच्या खोक्यात माठ. पेट्रोलचे डबे बाहेरच्या बाजूला, शेगडी मागं. माझ्या हाताशी एक दोरी, तिचं दुसरं टोक आप्पांच्या कानाशी घुंगराला; एकदा ओढली की हळू, दोनदा ओढली की थांब. सगळं झाल्यावर हैदरचाचा स्वतः त्या बाजेवर उताणे झोपले. बराच वेळ झोपले. मग उठून बाजूच्या फळीत पटाशीनं एक आडवी फट पाडायला लागले.

"चांगली फळी का फोडता?" आप्पांनी विचारलं.

"मिरज तक लडकी क्या देखेगी? ताडपत्री?"

निघालो त्या सकाळी मला बाजेसकट उचललं. पोत्यांवर बाज टेकली आणि खालचे दाणे सरकले, सरसर, आणि माझ्या पाठीखाली जिथं उंच होतं तिथं खोल झाले. आप्पांनी पायातला जोडा काढून ठेवला. उघड्या पायाला मोटारीचं मन कळतं म्हणाले. आणि मग आम्ही इतकं हळू निघालो की गल्लीतली कुत्री कंटाळून मागं फिरली.

त्या फटीतून मी जग पाहिलं. ओसरीच्या आढ्यानंतर! लिंबाचे शेंडे, तारांवर बसलेले निळे पक्षी, अंबडच्या पुढं उभ्या शाळूची कणसं, फक्त कणसं, धाटं नाहीत, कारण फट तेवढीच. एकामागून एक कणसं माझ्या डोळ्यांवरून गेली आणि मी मोठ्यानं म्हणाले, "अगं माय, किती हाय हे!" माय घाबरून वाकली, "काय दुखलं?" काही दुखलं नव्हतं. जग फार होतं, एवढंच. आज भावाचा नातू काश्मीरचे फोटो दाखवतो, बर्फाचे डोंगर. सुंदर आहेत. पण मी जवारीचं कणीस आभाळाला टेकलेलं पाहिलंय, मला कशाचं काय!

शहागडला गोदावरी आडवी आली. आम्ही गेलो त्या उतारावर तेव्हा पूल नव्हता; पाणी कमी, पण वाळू अथांग. भरलेली मोटार वाळूत रुतणार, आणि पोती उतरवली तर मी उडणार. आप्पा काठावर उभे राहिले, त्यांची पाठ मला फटीतून दिसत होती. नदीकाठच्या शेतात कडबा रचलेला होता. कुणीतरी एक पेंढी आणून चाकापुढं टाकली, मग दुसऱ्यानं दुसरी. कडब्याचा मालक धावत आला. "माझी बैलं काय माती खातील का? कुणाच्या बापाचा कडबा हाय ह्यो?" असा तोंडाचा पट्टा सोडला त्यानं! मग त्यानं मागं येऊन आत डोकावून पाहिलं. शिव्या थांबल्या नाहीत हं. शिव्या देत देतच तो गंजीवरून पेंढ्या ओढून टाकायला लागला. "अरं, अशी आडवी टाका, आडवी! जन्मात कडबा पाह्यला न्हाई का?" पिवळ्याधमक कडब्याचा रस्ता पाण्यापर्यंत आणि पाण्यापलीकडच्या वाळूतही झाला. आम्ही त्याच्यावरून गेलो. चाकांखाली कुरुम कुरुम वाजत होतं आणि मी दोरी हातात घट्ट धरून होते. ओढावी लागली नाही.

बार्शीच्या अलीकडं निजामाची सरहद्द, तिथं करोडगिरीचा नाका. राज्यातून धान्य बाहेर जायचं तर महसूल, तपासणी. नाकेदार कडक होता. पोत्यात लोखंडी परखी खुपसून दाणे तळहातावर घेतले. "इत्ती जवारी? बेचने को ले जा रहे? उतारो सब."

"साब," आप्पांनी हात जोडले, "इकायची न्हाई. पोरीच्या खाली वजन हाय ते. उतरवली तर पोर उडंल, तिचे पाय जातेल."

नाकेदारानं असलं कारण आयुष्यात ऐकलं नसावं. तो आत चढला, अगदी जपून, आणि माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिला. "सीधी बैठ नइ सकती?" मी डोळ्यांनीच नाही म्हटलं. तो उतरला. शिपायाला म्हणाला, "माल नइ है. मरीज है. जाने दो." आणि पुढं रस्ता उखडलेला होता म्हणून त्यानं शिपायाला मोटारीपुढं चालायला लावलं. राज्याची हद्द संपेपर्यंत तो शिपाई पायानं दगड बाजूला सारत आमच्यापुढं चालत होता. निजामाबद्दल लोक पुढं बरंच काही बोलले, त्यातलं पुष्कळ खरंही होतं. पण माझ्यासाठी त्याच्या एका शिपायानं दगड वेचलेत, हेही खरं आहे.

मिरजेला डॉक्टरांनी मला हात लावायच्या आधी तळव्यावर पेन्सिल ओढली. "कळतंय?" "कळतंय," मी म्हटलं. लगेच म्हटलं. आप्पा अजून मोटारीत पुढं बसलेलेच होते. त्यांना खाली उतरवायला दोन माणसं लागली, कारण त्यांची बोटं स्टेअरिंगच्या चाकावरून सुटेनात. मायनं कोमट पाण्यात फडकं बुडवून एकेक बोट सोडवलं.

मग वर्षभर मी प्लास्टरमध्ये. माय दवाखान्याच्या धर्मशाळेत भाकरी थापायची, गल्लीच्या जवारीच्या. एके दिवशी तेल्याची, एके दिवशी कासाराची, असं ती म्हणायची. खरं तर दाणे सगळे एकच झाले होते. पुढच्या सुगीला मला उभं केलं, आणि त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, जा आता, आगगाडीनं जा, बसून जा.

आप्पा जालन्याच्या स्टेशनवर मोटार घेऊन आले होते. मला हात न देता त्यांनी पुढचं दार उघडलं आणि मी चढेपर्यंत दुसरीकडं बघत राहिले. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मोटार थांबवली.

"उतर."

"आप्पा, घर तर पुढं हाय की."

"ठावं हाय मला. तू चालत जा. मी मागून येतो."

मी उतरले. दारादारांत माणसं उभी होती. जैनबबी, केसांत कापसाचे तंतू. हैदरचाचा जिनातून तसेच आलेले, हात काळे. तेल्याचा म्हातारा, कासार, सूपभर जवारीची म्हातारी, आणि आमच्याशी न बोलणाऱ्या घरातली सगळी. मला वाटलं, आता कल्ला होईल, नावानं हाका मारतील, कशी आहेस म्हणतील. कुणी काही बोललं नाही. माझ्या तोंडाकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. अख्खी गल्ली मान खाली घालून माझ्या पायांकडं बघत होती. मी एका दारापुढून दुसऱ्या दारापुढं गेले, तशा माना माझ्याबरोबर सरकल्या. एवढी सगळी माणसं कशाकडं बघतायत, म्हणून मग मीही खाली पाहिलं. पाय चालत होते.